न थांबलेली प्रार्थना

फार जुन्या काळी, नदीकाठच्या एका नगरात एक प्रथा होती. प्रार्थनास्थळात आश्रय घेतलेल्या माणसाला, तेथील प्रार्थना चालू असेपर्यंत कोणीही हात लावायचा नाही. प्रार्थना संपली की आश्रयही संपे.

एकदा राजा दूरच्या प्रांतात गेला आणि कारभार सेनापतीच्या हाती आला. सेनापतीला सिंहासन हवे होते. एकमेकांना भिणारी प्रजा सहज ताब्यात येते, हे त्याला पक्के ठाऊक होते. लवकरच बाजारपेठेला आग लागली आणि तिचा आळ एका मुसलमान रंगाऱ्यावर आला.

रंगारी मशिदीत शिरला. नमाज संपली, तसे शिपायांनी त्याला फरफटत नेले. समोरच्या देवळाच्या पायऱ्यांवरून लोक पाहत होते. "त्यांचं ते बघून घेतील," असे म्हणत ते आपापल्या घरी गेले.

एका तेलिणीने मात्र आग लागताना पाहिली होती. पलिते सेनापतीच्या शिपायांच्या हातांत होते. राजा परतणार त्या दिवशी सकाळी तिने हे भर चौकात सांगितले. शिपाई धावले. ती देवळात शिरली.

"बुवा, राजा येईपर्यंत मला जगू द्या," ती पुजाऱ्याला म्हणाली. "मी गेले तर उद्या तो रंगारी सुळावर जाईल."

पुजाऱ्याने टाळ उचलले आणि भजन सुरू केले; देवळातल्या भजनी मंडळीनेही सूर धरला.

दुपार झाली. एकेका गायकाचा आवाज बसू लागला. सेनापती पायरीवर निवांत बसला होता.

"गा बुवा, गा. माणसाचा घसा म्हणजे काही नदी नव्हे."

पुजाऱ्याची पत्नी मागच्या दाराने निघाली आणि मशिदीत पोहोचली. तिने सारे सांगितले. कोणी जागचे हलले नाही.

"आमच्या माणसाला नेलं, तेव्हा तुम्हाला ऐकू आलं नव्हतं का, वहिनी?" एकाने विचारले.

"आलं होतं. म्हणून तर मान वर होत नाही," ती म्हणाली. "तरी मागायला आले आहे."

मौलवींच्या मागून रंगाऱ्याची आई काठी टेकत उठली.

"भांडण उद्या करू. ती बाई आज मरतेय," ती म्हणाली आणि कोणाची वाट न पाहता चालू लागली. मग मौलवी उठले. मग सारेच उठले.

देवळात आता एकटा पुजारी गात होता. त्याच्या आवाजाची कुजबुज झाली होती. सेनापती उभा राहिला. तेवढ्यात अंगणातून दुआ ऐकू आली.

"बंद करा!" सेनापती ओरडला. "मौलवीसाहेब, तुमचा रंगारी नेला तेव्हा हे लोक कुठे होते, आठवतंय ना?"

"आठवतंय, सरकार. एकटं पडलं की काय होतं, ते आम्हाला कोणी शिकवायला नको."

"देवळात ही प्रार्थना चालणार नाही!"

"देऊळ माझ्या ताब्यात आहे," पुजारी घोगऱ्या आवाजात म्हणाला. "चालेल."

सेनापतीने शिपायांना आत जाण्याचा हुकूम दिला. शिपायांपैकी कोणी लहानपणापासून ते भजन ऐकत आला होता, कोणी ती दुआ. पाऊल कोणाचेच उचलले नाही.

उन्हे कलली. दुआ म्हणणारेही थकले, तेव्हा टेकडीवरच्या विहारातील वृद्ध भिक्षुणी आपल्या भगिनींसह आल्या.

"मौलवीसाहेब, पाणी प्या," त्या म्हणाल्या. "आमचा घसा म्हातारा आहे, पण हट्टी आहे." आणि त्यांनी त्रिशरण सुरू केले.

अशा रीतीने भजनानंतर दुआ, दुआनंतर त्रिशरण, आणि पुन्हा भजन. मध्ये खंड पडलाच नाही. अखेर दिवेलागणीला राजाचा रथ वेशीतून आत आला. एवढी प्रार्थना कशासाठी, असे विचारत तो थेट देवळात आला. तेलीण त्याच्यासमोर उभी राहिली आणि पाहिलेले सारे बोलली.

राजाने शिपायांकडे पाहिले. मग एकाने तलवार खाली ठेवली.

"पलिता माझ्या हाती होता, महाराज. हुकूम यांचा होता."

सेनापतीला बेड्या पडल्या आणि रंगाऱ्याची सुटका झाली. तो देवळाच्या अंगणात आला, तेव्हा पुजारी क्षमा मागण्यासाठी पुढे झाला. परंतु त्याच्या तोंडून शब्दच फुटेना. त्याने नुसते हात जोडले.

"राहू द्या, बुवा," रंगाऱ्याची आई म्हणाली. "दिवसभर बोललात की."

तात्पर्य: एकट्याची प्रार्थना कधी ना कधी थकते, पण अन्यायाविरुद्ध सर्वांनी मिळून केलेली प्रार्थना न्याय येईपर्यंत टिकते.