शिष्यवृत्तीचा निकाल

विधी महाविद्यालयाच्या शिष्यवृत्ती समितीचे अध्यक्ष दाभाडेसाहेब निवृत्त न्यायाधीश होते. उमेदवाराला उभं ठेवून घाम फोडण्यात त्यांना भारी मौज वाटे. वर्गात पहिली आलेली हर्षाली गावित समोर आली, तेव्हा ते म्हणाले, "तुला शिष्यवृत्ती का देऊ नये, ते पटवून दे."

हर्षालीनं हातचं काही न राखता पटवून दिलं. हुशार मुलीला कमाईसाठी शिकवण्या मिळतात. ज्याला त्याही मिळत नाहीत, त्याला आधी मदत द्यावी.

"पटलं!" साहेब हसले. "अर्ज नामंजूर."

"साहेब," ती शांतपणे म्हणाली, "एकच बाजू ऐकून निकाल द्यावा, असं आम्हाला इथं शिकवलेलं नाही."

साहेबांचं हसू मावळलं. उचललेलं पेन त्यांनी खाली ठेवलं आणि समोरची खुर्ची दाखवली.

"बसा, वकीलबाई. आता दुसरी बाजू मांडा."