लाल दोऱ्याचं पोतं

एका गडाच्या पायथ्याला हैबती नावाचा शिपाई राहत होता. लढाईत त्याचा उजवा पाय गेला. राजाने त्याला दर पौर्णिमेला एक पोतं ज्वारी बांधून दिली. असल्या पोत्याचं तोंड गडावर लाल दोऱ्याने शिवत. कायदाच होता, की लाल दोऱ्याच्या पोत्याला कुठल्याही सावकाराने हात लावायचा नाही.

हैबतीने घर शाकारायला गंगाशेट सावकाराकडून पैसे उसने घेतले होते. शेट पोत्याकडे बघायचा, पण दोरा बघून गप्प बसायचा. मग त्याला युक्ती सुचली. एकदा हैबतीची बायको येसू भाकरीसाठी पोतं उसवायला बसली, तोच शेट दोन गडी घेऊन दारात हजर.

"दोरा तुटला. आता ही साधी ज्वारी झाली. उचला रे."

हैबतीची मान खाली गेली. "नेऊ दे, येसू. घेतलंय ते द्यायलाच पाहिजे."

येसूचा पदर धरून तिची लेक उभी होती. सकाळपासून पोरीच्या पोटात काही नव्हतं. येसूला भीती वाटलीच. शेटाशी वैर धरून गावात राहायचं कसं? पण पोराच्या भुकेला लाज समजत नाही. ती सरळ पोत्यावर जाऊन बसली.

"हे गुरांची दावी वळतात, शेटजी, त्यातून तुमचं देणं फेडू. ही ज्वारी मात्र ह्यांच्या पायाची आहे. चला गडावर, तिथंच विचारू."

"चल की. मी काय भितो?"

तिघंही गडावर गेले, हैबती काठी टेकत. तिथं शेट किल्लेदाराला ठासून म्हणाला, "कायदा लाल दोऱ्याचा आहे. दोरा कुठाय?"

"पोतं उसवल्याशिवाय भाकरी कशी करायची, शेटजी? दोऱ्यासकट दळायची का?" किल्लेदाराने हैबतीच्या तुटक्या पायाकडे बोट केलं. "दोरा नुसता ओळखीला. ज्वारी ह्या पायाबद्दल दिली आहे. पाय परत उगवला का? नाही ना? मग पोतं उघडं असो, पीठ होवो, नाहीतर भाकरी होऊन ताटात पडो. हात लावायचा नाही."

त्या दिवशी येसूच्या चुलीवर भाकऱ्या झाल्या. पुढे हैबतीने दावी वळून शेटचं सगळं देणं फेडलं. शेटची म्हैस अजून त्यातल्याच एका दाव्याला बांधलेली असते.

तात्पर्य: देणं कष्टाने फेडावं, पण जखमेबद्दल मिळालेल्या घासावर सावकाराचा हक्क नसतो, आणि आपला हक्क आपण लाजेपायी सोडू नये.