खडीला हसलेलं इंजिन

फार वर्षांपूर्वी विश्वंभर मास्तरांनी परसात छोट्या आगगाडीसाठी चर खणला आणि त्यात मुरूम, खडी ठोकून भरायला घेतली. ते पाहून पितळी इंजिनाने नाक मुरडलं.

"माझ्यासारख्या राजबिंड्याखाली हे दगडधोंडे?"

"आम्ही मिरवायला नाही, तुझा भार घ्यायला आलोय," खडी म्हणाली.

"माझा भार? जा, गटार बुजव!"

निम्मी खडी घालून मास्तर जेवायला गेले. पुढचे रूळ मातीवर नुसतेच मांडलेले होते. इंजिनाला धीर कुठला? ते तोऱ्यात सुटलं. मातीवर येताच रूळ खचले आणि स्वारी चिखलात उताणी पडली.

मास्तर परतले.

"मला पुसा तरी!" इंजिन रडवेलं झालं.

"पुसेन की. आधी खडी पडू दे," म्हणत मास्तरांनी घमेलं उचललं.