पडलो, तर धर

हेरंब नावाचा भांड्यांचा एक व्यापारी एकदा आपल्या वृद्ध आचार्यांकडे आला, तो जामिनावर सुटून.

त्याने नवी मोटार घेतली होती. महामार्गावर ती आपली मार्गिका स्वतःच धरून ठेवी, पुढचे वाहन थांबले की आपोआप थांबे. मात्र चालकाने नजर रस्त्यावरच ठेवावी, गाडी चुकली तर तत्क्षणी ताबा घ्यावा, असे विक्रेत्याने बजावले होते. सुरुवातीला हेरंब डोळ्यांत तेल घालून बसे. गाडी चुकली नाही. पुढेही चुकली नाही. मग तो मोबाइलवर दुकानाचे निरोप वाचू लागला. एका दुपारी रस्त्याचे काम चालू होते, पांढरे पट्टे पुसले गेले होते. गाडी थेट कामगारांच्या अंगावर गेली. हेरंबने मान वर केली ती धक्का बसल्यावर. तुळशीदास नावाचा कामगार जागीच गेला.

"आचार्य, चालवत गाडी होती," हेरंब म्हणाला. "मी नुसता बसलो होतो. माझा काय दोष?"

आचार्यांची दृष्टी अधू झाली होती. काठी घेऊन ते उठले. "स्नानाला नदीवर जातो. हात देऊ नकोस. फक्त मागे राहा. पडलो, तर धर."

हेरंबला हे चमत्कारिक वाटले, पण तो निघाला. घाट उतरताना प्रथम तो दोन्ही हात पुढे करून, श्वास रोखून चालत होता. आचार्यांचे पाऊल मात्र प्रत्येक पायरीवर अचूक पडत होते. हळूहळू त्याचे हात खाली आले. मनात वकिलाचे बोलणे घोळू लागले. एवढ्यात खिशातला मोबाइल वाजला. त्याने तो काढून पाहिला मात्र, आचार्य घसरले. हेरंबने हात पुढे केला, पण हाती काहीच लागले नाही.

आचार्यांच्या कपाळातून रक्त येत होते. हेरंबने त्यांना उठवून पायरीवर बसवले.

"तुम्ही मुद्दाम पडलात?"

"नाही रे. शेवाळ होतं, मला दिसलं नाही. नसतो पडलो, तर आचार्यांना मी नीट सांभाळलं, असं म्हणत तू घरी गेला असतास." धाप लागल्याने ते थांबले. "हात धरून उतरवलं असतंस, तर प्रत्येक पायरी तुझ्याही पायाला कळली असती. नुसती राखण करणं त्याहून कठीण. मी जितका नीट चाललो, तितका तू माझ्यापासून लांब गेलास. चालवणं गाडीवर सोपवता येतं, हेरंब. समोरच्याचा जीव तिच्यावर कसा सोपवशील?"

हेरंबने जखम धुतली, आपला रुमाल फाडून बांधली आणि त्यांना हाताला धरून वर आणले.

दुसऱ्या दिवशी तो तुळशीदासच्या घरी गेला. त्याची बायको दारातच उभी राहिली.

"तुमचे वकील म्हणतात, माझ्या नवऱ्यानं लाल निशाण दाखवलंच नाही. मधे आला म्हणून मेला. खरं आहे का हे?"

हेरंबची मान खाली गेली. मग त्याने ती उचलली आणि तिच्याकडे पाहिले.

"मला माहीत नाही, बाई. मी बघतच नव्हतो. कोर्टातही मी हेच सांगणार आहे."

तिने दार लावून घेतले.