भिवजी पथरवटाची बारव

खडकजळला येणारे पाहुणे बारवेचे फोटो काढून झाले की एकच गोष्ट विचारतात. पायऱ्या एवढ्या उंच, एवढ्या रेखीव. मग मधोमध अशा झिजून गुळगुळीत कशा झाल्या? गुरवांचे शिदूअप्पा म्हणतात, "चपला काढा आधी, मग सांगतो."

ही बारव भिवजी पथरवटानं बांधली, असं सांगतात. त्याची बायको तान्हूबाई. एकदा ती त्याची भाकरी घेऊन खाणीवर गेली आणि सुटलेला धोंडा तिच्या पायावर आला. पाय कायमचा अधू झाला. भिवजीनं ते फार मनाला लावून घेतलं. ती मात्र म्हणायची, "पाय गेला तर गेला, बारवेची पहिली घागर मीच भरणार." बांधणाऱ्याच्या घरच्या सवाष्णीनं पहिली घागर भरायची, अशी तेव्हा रीतच होती.

पाणी लागलं, मुहूर्त निघाला, सारा गाव जमला. पण काठावर आल्यावर तान्हूबाईचं पाऊल अडलं. गुडघाभर उंच पायऱ्या, आणि धरायला काही नाही! पाटील म्हणाले, "जावेच्या हाती द्या घागर, मुहूर्त टळतोय." भिवजी म्हणाला, "मी पाठीवर घेतो हिला."

"ओझं होऊन मी जलदेवतेपुढं जायची नाही," ती म्हणाली आणि सरळ पहिल्या पायरीवर बसली. बसूनच खालच्या पायरीवर सरकली. लोकांना काय, हसायला निमित्तच हवं! बायकांनी तोंडाला पदर लावले. तान्हूबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. धड खाली जाववेना, धड वर येववेना.

तेवढ्यात शेजारी कुणीतरी येऊन बसलं. बघते तर भिवजी, पाटलांनी मानाचं दिलेलं नवंकोरं धोतर नेसलेला.

"सरक जरा."

"अवो, धोतर मळंल की!"

"मळू दे. या पायऱ्या मी बसूनच घडवल्यात, तान्हे. बसून उतरायला कसली लाज?"

दोघं तशीच सरकत खाली गेली. हसणं कधी थांबलं, कुणाला कळलंही नाही. आणि म्हणे, पाणी तीन पायऱ्या वर चढून तिच्या अधू पायाला लागलं; तिथंच बसून तिनं पहिली घागर भरली. अप्पा म्हणतात, "मी काही बघायला नव्हतो बाबा. पण येणारच की पाणी! एवढी माया बघून कोण खाली थांबेल?"

आजही खडकजळला लग्न लागलं की नवी जोडी बारवेवर येते आणि पायऱ्या बसून उतरते. नवरदेव कितीही मोठा साहेब असो, कितीही भारी सूट घालून आलेला असो, सुटका नाही. नवरीला तिथं एकटीनं बसायची वेळ येऊ नये, म्हणून आधी नवऱ्यानं बसायचं.