कळणारं माणूस

एका गावात एक भोळा नवरा होता. गोंदाजी त्याचं नाव. बायको ठकू पाण्याला जाताना म्हणाली, "दाराकडे लक्ष ठेवा." यानं दारावर नजर रोखली ती हलवलीच नाही. मागच्या खिडकीतून मांजर आलं अन् दूध पिऊन गेलं.

ठकूनं कपाळावर हात मारला. "या घरात कळणारं एक तरी माणूस हवं! तोवर मी नांदायची नाही." ती तडक माहेरी गेली.

ठकूवाचून गोंदाजीला घास गोड लागेना. तो सासऱ्याकडे गेला. सासरा बेरकी. म्हणाला, "जावईबापू, टेकडीवरच्या महाराजांना ज्ञान झालंय. ते असतं कसं, एवढं विचारून या. मग न्या पोरीला." आजवर ते कुणालाच सांगता आलं नव्हतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

गोंदाजी टेकडी चढला. महाराज म्हणाले, "मुक्यानं गूळ खाल्ल्यासारखं, बाबा."

गोंदाजीनं गावातल्या मुक्या तात्याला पोटभर गूळ चारला अन् सासऱ्यापुढं उभं केलं. "विचारा यांना!" तात्यानं खुणेनं पाणी मागितलं.

"अहो, माणूस कशाला आणलंत? महाराजांचे शब्द आणा, जसेच्या तसे!"

गोंदाजी पुन्हा टेकडी चढला. "महाराज, ज्ञान कसं असतं?"

"आधी चपला बाहेर काढून ये."

हा तसाच धावत खाली आला. "मामा, मिळालं! ज्ञान म्हणजे, आधी चपला बाहेर काढून ये."

सासऱ्यानं क्षणभर विचारही केला. मग ओरडला, "अहो, परत जा!"

गोंदाजी तिसऱ्यांदा चढला. महाराज आता वैतागले होते. "अरे, ज्याला कळतं तो बोलत नाही. जो बोलतो त्याला कळलेलं नाही. जा!"

"काय म्हणाले?" सासऱ्यानं अंगणातच गाठलं.

"मामा, तुम्ही बोललात. तुम्हाला कळलेलं नाही."

तेवढ्यात ठकू बाहेर आली. नवऱ्याच्या पायांचे फोड पाहून तिचा जीव तुटला. गाठोडं काखेत मारून म्हणाली, "चला, येते मी."

"अरेरे, हीपण बोलली!"

गोठ्यात म्हैस गुमान रवंथ करत होती. गोंदाजीनं तिलाही विचारलं. म्हैस बोलली नाही. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. यानं म्हशीचे धरले. मग दावं सोडलं. "ठकू, कळणारं माणूस घरी नेतोय बघ!"

पुढं म्हैस, मागं गोंदाजी, त्यामागं हाका मारत ठकू. घराच्या उंबऱ्याशी म्हैस मान वर करून रेकली.

"म्हणजे हिलाही नाही!"

गोंदाजी एकटाच आत गेला आणि कडी घातली.

"अहो, मी ठकू! नांदायला आलेय. दार उघडा!"

बाहेर ठकू बोलत होती. म्हैस बोलत होती. शेजारीपाजारी बोलत होते. आत गोंदाजी डोळे मिटून गप्प बसला. घरात कळणारं माणूस झालं होतं, आता फक्त ठकूच्या येण्याची वाट पाहायची.