बारकीचा दाणा विमानाच्या नाकावर

माळावर एक मुंगी राहायची. नाव बारकी. अंगाने बारकी, पण ओढायची मोठं मोठं. एकदा तिला अर्धा शेंगदाणा सापडला. घरी तीन बाळं उपाशी बसली होती. बारकीने दाणा ओढला. तुरुतुरु, तुरुतुरु. थोडी थांबली. पुन्हा तुरुतुरु.

वाटेत बसले होते श्रीपादकाका. काकांनी चार महिने खपून एक विमान केलं होतं. हलक्या काड्यांचं, पातळ कागदाचं. पोटात लांब रबर. ते कसं करायचं त्याचा नकाशा काकांच्या आजोबांच्या वेळचा. या विमानाला दोरी नाही, रिमोट नाही. सोडलं की ते जाईल तिकडे जाईल. चार महिने खपायचं आणि मग सोडून द्यायचं. मोठी माणसं फार हुशार असतात, म्हणून त्यांना असलं सुचतं.

काकांनी विमान दोन बोटांवर तोललं. शेपटी खाली गेली. आता नाक जड करायला हवं होतं. त्यासाठी आणायचा मेणाचा गोळा काका घरी विसरले होते. तेवढ्यात समोरून एक शेंगदाणा चालत आला. शेंगदाणे कधीपासून चालायला लागले, असं काकांच्या मनातसुद्धा आलं नाही. त्यांनी दाणा उचलला. डिंक लावला. विमानाच्या नाकावर चिकटवला. चप्प.

बारकी म्हणाली, "काका, काका, माझा दाणा द्या."

काका म्हणाले, "विमान उडाल्याशिवाय मी दाणा देणार नाही."

बारकीला रडूच आलं. पण बाळं उपाशी होती. रडून चालणार नव्हतं.

बारकी विमानाकडे गेली. तुरुतुरु, तुरुतुरु.

"विमानदादा, विमानदादा, काका दाणा देईनात. माझी बाळं उपाशी. तू उडतोस का?"

विमान पंख पसरून पडलं होतं. सकाळपासून त्याने तेवढंच काम केलं होतं. ते म्हणालं, "रबराने पीळ घेतल्याशिवाय मी उडणार नाही."

बारकी विमानाच्या पोटात शिरली. तुरुतुरु, तुरुतुरु.

"रबरभाऊ, रबरभाऊ, विमान उडेना, काका दाणा देईनात. माझी बाळं उपाशी. तू पीळ घेतोस का?"

रबर म्हणालं, "एरंडेल चोळल्याशिवाय मी पीळ घेणार नाही."

एरंडेल म्हणजे ते चिकट तेल. तुम्ही ते बघूनच पळता. रबराला मात्र त्याचे लाड हवेत.

बारकी एरंडेलाच्या बाटलीकडे गेली. तुरुतुरु, तुरुतुरु.

"बाटलीताई, बाटलीताई, रबर पिळेना, विमान उडेना, काका दाणा देईनात. माझी बाळं उपाशी. तू उघडतेस का?"

बाटलीचं झाकण घट्ट होतं. बाटलीचा स्वभावही तसाच. ती म्हणाली, "घार फिरल्याशिवाय मी उघडणार नाही."

घार गोल गोल फिरते तिथे गरम हवा वर जाते. त्या हवेत विमानसुद्धा वर जातं. घार फिरत नसेल, तर बाटलीने उगाच तेल का सांडावं?

घार बसली होती खांबावर. बारकी खांब चढली. तुरुतुरु, तुरुतुरु. घसरली. पुन्हा तुरुतुरु.

"घारमावशी, घारमावशी, बाटली उघडेना, रबर पिळेना, विमान उडेना, काका दाणा देईनात. माझी बाळं उपाशी. तू फिरतेस का?"

घार म्हणाली, "वारा थांबल्याशिवाय मी फिरणार नाही. माझी पिसं विस्कटतात."

वाऱ्याला शोधावं लागलं नाही. त्यानेच बारकीला खांबावरून खाली उडवलं. सूं सूं सूं. बारकीने गवताची काडी घट्ट धरली.

"वारेबुवा, वारेबुवा, घार फिरेना, बाटली उघडेना, रबर पिळेना, विमान उडेना, काका दाणा देईनात. माझी बाळं उपाशी. तुम्ही थांबता का?"

वारा म्हणाला, "काकांनी विमानाचा खोका बंद केल्याशिवाय मी थांबणार नाही. ते विमान काढतात, मी येतो. ते घरी निघतात, मी थांबतो. आमचं नेहमी असंच असतं."

बारकी पुन्हा काकांकडे गेली. तुरुतुरु, तुरुतुरु.

"काका, काका, वारा थांबेना, घार फिरेना, बाटली उघडेना, रबर पिळेना, विमान उडेना, काका दाणा देईनात. माझी बाळं उपाशी. तुम्ही खोका बंद करता का?"

काकांची तक्रार काकांनाच ऐकावी लागली. काका फुगून बसले. दोन बस बदलून इथवर यायचं आणि खोका बंद करायचा? पण वारा काही थांबत नव्हता. शेवटी काकांनी विमान खोक्यात ठेवलं, बाटली खोक्यात ठेवली आणि झाकण लावलं. धप्प.

"चला, आज काही जमत नाही," काका मोठ्याने म्हणाले.

वारा लगेच थांबला. अगदी गप्प. त्याला आता मजाच उरली नव्हती.

मग काकांनी खोका हळूच उघडला. वाऱ्याला कळू न देता.

वारा थांबला, घार फिरली. गोल गोल गोल.
घार फिरली, बाटली उघडली. टुपुक.
बाटली उघडली, रबर पिळलं. कर्र कर्र कर्र.
रबर पिळलं, विमान उडालं. भिर्रर्रर्र.

आणि विमानाबरोबर दाणाही उडाला.

हे कुणाच्या लक्षात आलं होतं का? काकांच्या तर नाहीच. विमान वर वर गेलं. दाणा एवढासा दिसायला लागला. मग दिसेनासा झाला. बारकी नुसती बघत राहिली. तिला फार वाईट वाटलं.

मग रबराचा पीळ संपला. विमान खाली यायला लागलं. काका मागे धावले. धापा टाकत, चप्पल सोडून धावले. विमानाने एक गिरकी घेतली, दुसरी घेतली आणि बारकीच्या वारुळाशीच नाकावर आपटलं. टक्क. दाणा निघाला. गुडगुड गुडगुड. थेट दारात.

तीन बाळं बाहेर आली. कुरुम कुरुम कुरुम. दाणा संपला.

तोवर बारकी आली. मग काका आले.

"बघ, दिला की नाही मी दाणा?" काका म्हणाले. दिला म्हणे! मग त्यांनी विमान दोन बोटांवर तोललं. शेपटी खाली गेली. काका गोड आवाजात म्हणाले, "बारकी, बारकी, विमान उडेना. तू दाणा देतेस का?"

बारकीने बाळांच्या गोल गोल पोटांकडे बघितलं.

ती म्हणाली, "पोटातून निघाल्याशिवाय मी दाणा देणार नाही."

आणि काका वाट बघत बसले.